शारीरिक शिक्षणाची पदवी आणि वस्तीतले मैदान : धामणगाव रेल्वे परिसरातील विद्यार्थी-पालकांसाठी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "पोरगं खेळात चांगलं आहे, पण खेळून काय पोट भरते?" हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात सकाळी मजुरीला गेल्याशिवाय संध्याकाळची चूल पेटत नाही, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. अडचण एवढीच की या प्रश्नाला नीट उत्तर देणारे कोणी नसते. एक तर "खेळ सोड, डी.एड. कर" असा सल्ला मिळतो, नाही तर "बी.पी.एड. केले की नोकरी पक्की" असे खोटे आश्वासन. या लेखात आम्ही दोन्ही बाजू मांडत आहोत. शारीरिक शिक्षण विद्यापीठात कसे शिकता येते, त्याला प्रवेश कसा मिळतो, आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना कोणत्या सवलती आहेत, नोकरीचे वास्तव काय आहे आणि या शिक्षणाचा वस्तीला काय उपयोग होऊ शकतो, हे एका ठिकाणी असावे हा हेतू आहे.

हा विषय म्हणजे केवळ कवायत नव्हे

शाळेतला 'पी.टी.चा तास' म्हणजे मुलांना मैदानात सोडून देण्याचा तास, असा आपला अनुभव असतो. त्यामुळे या विषयाची पदवी असते आणि त्यात अभ्यास असतो, हेच अनेकांना खरे वाटत नाही. प्रत्यक्षात बी.पी.एड.च्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, शरीराच्या हालचालींचे शास्त्र, चाचणी व मापन, क्रीडा व्यवस्थापन, योगशिक्षण, आरोग्यशिक्षण आणि दुखापतींवरील प्रथमोपचार हे सगळे शिकावे लागते. सोबत मैदानी खेळ, जिम्नॅस्टिक्स, सांघिक खेळ, लेझीम, मल्लखांब यांची प्रात्यक्षिके असतात. शाळेत जाऊन प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात आणि त्याचे गुण असतात. सकाळी मैदान, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान असा हा दिवस असतो. 'अभ्यासात मन लागत नाही म्हणून खेळाकडे' या विचाराने जाणारा विद्यार्थी पहिल्याच सत्रात अडखळतो.

खेळ हा हक्क आहे, ही भूमिका जगाने कधीच मान्य केली आहे. युनेस्कोने १९७८ साली शारीरिक शिक्षण व खेळाची आंतरराष्ट्रीय सनद स्वीकारली आणि २०१५ साली ती सुधारली. प्रत्येक माणसाला शारीरिक शिक्षण व खेळ मिळणे हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असे ही सनद मानते. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त विद्यार्थी असतील तिथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. आपल्या गावच्या शाळेत यातले काय आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारायला हरकत नाही.

अमरावतीचे नाव या विषयात मोठे का

धामणगावचा विद्यार्थी या बाबतीत नशीबवान आहे. ज्या शिक्षणासाठी देशभरातली मुले अमरावतीला येतात, ती अमरावती आपल्या जिल्ह्याचे ठिकाण आहे. वैद्य बंधूंच्या पुढाकारातून १९१४ साली तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. १९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले.

देशाच्या नकाशावर हे कुठे बसते तेही पाहू. मद्रासचे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० साली हॅरी क्रो बक यांनी सुरू केले. मुंबईत कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ सालची. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ सालची आणि प्रशिक्षक घडवणारी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची. या मोजक्या नावांच्या रांगेत अमरावतीचे नाव घेतले जाते.

राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनीही अमरावतीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका मजुराच्या घरातला प्रवीण जाधव याच प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला. सातारचा मुलगा अमरावतीला येऊन ऑलिम्पिकपर्यंत जातो आणि धामणगावच्या वस्तीतल्या मुलाला ही प्रबोधिनी आहे हेच ठाऊक नसते. हे अंतर किलोमीटरचे नाही, माहितीचे आहे.

मैदान आणि जात

मैदानावर सगळे समान असतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. इतिहास तसे सांगत नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, १८७६ साली जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात ते आधी मैदानाची निगा राखण्याचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम करत. पुढे त्यांची गोलंदाजी हिंदू संघाला हवी झाली, पण खेळाच्या मधल्या वेळेत त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही बऱ्याच संघर्षानंतर. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. राजकारणात दोघे समोरासमोर असले, तरी मैदानावर बाळूंनी जे सोसले तो आपल्या सगळ्यांच्या इतिहासाचा भाग आहे.

बाबासाहेबांनी शरीराच्या शिस्तीचे महत्त्व ओळखले होते. १९२७ साली स्थापन झालेल्या समता सैनिक दलात कवायत, गणवेश आणि रांगेची शिस्त होती. ज्या माणसाला शतकानुशतके वाकून चालायला लावले, त्याने ताठ उभे राहून पाऊल टाकणे हीच एक घोषणा होती. समाजशास्त्रात याला वेगवेगळी नावे आहेत. आम्ही साध्या शब्दांत एवढेच म्हणू की शरीरावरचा हक्क परत मिळवणे हा समतेच्या लढ्याचा भाग होता आणि आजही आहे.

आजचे भेद वेगळ्या रूपात येतात. मैदान गावाच्या एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असते. क्रिकेटचे साहित्य ज्याचे, त्याच्याकडे संघ ठरवण्याचा अधिकार असतो. तालुक्याच्या स्पर्धेला जायला गाडीभाडे लागते आणि बूट लागतात. निवड झालेली मुले या दोन गोष्टींसाठी घरी बसतात. अशा वेळी वस्तीतलाच कोणी शिकलेला क्रीडा शिक्षक असेल तर चित्र बदलते.

कोणते अभ्यासक्रम, किती वर्षे

*डी.पी.एड.* : बारावीनंतर २ वर्षांची पदविका. प्राथमिक स्तरावरील शारीरिक शिक्षणासाठी.

*बी.पी.ई. किंवा बी.पी.ई.एस.* : बारावीनंतर ३ वर्षांची पदवी. खेळाची ज्यांना खरी ओढ आहे आणि ज्यांना लवकर या क्षेत्रात यायचे आहे त्यांच्यासाठी. शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर त्यानंतर साधारणपणे बी.पी.एड. करावे लागते, हे आधीच लक्षात ठेवा.

*बी.पी.एड.* : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर २ वर्षे, ४ सत्रे. पूर्वी हा एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला. वडीलधारे अजून 'एक वर्षाचा कोर्स' म्हणतात, त्या हिशेबाने खर्चाचे गणित करू नका.

*एम.पी.एड.* : बी.पी.एड. किंवा त्यासारख्या पदवीनंतर २ वर्षे. महाविद्यालयात जायचे असेल तर हा आवश्यक टप्पा.

*प्रशिक्षक पदविका* : पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एका खेळातील पदविका, ज्याला मैदानावर 'एन.आय.एस.' म्हणतात. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. शिक्षक वेगळा आणि प्रशिक्षक वेगळा. शिक्षक सगळ्या मुलांना हालचाल शिकवतो, प्रशिक्षक निवडक खेळाडूंना एका खेळात तयार करतो.

धामणगावला पदवीपर्यंतचे शिक्षण आदर्श महाविद्यालयात होते. तिथे किंवा तालुक्यातल्या इतर महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम. करतानाच पुढच्या बी.पी.एड.ची तयारी सुरू करता येते. रेल्वेने पश्चिमेला चांदूर रेल्वे, बडनेरा आणि तिथून अमरावती. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की पुलगाव आणि वर्धा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. वर्धा जिल्हा नागपूर विद्यापीठात. एकाच रेल्वेमार्गावर दोन विद्यापीठे असल्यामुळे धामणगावच्या विद्यार्थ्याला निवडीला वाव आहे. दोन्ही बाजूंची महाविद्यालये पाहून मगच पसंतीक्रम भरा.

प्रवेश कसा मिळतो

महाराष्ट्रात बी.पी.एड. आणि एम.पी.एड.चे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून होतात. या परीक्षेचे दोन भाग असतात : लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी. फक्त लेखी देऊन मैदानी चाचणीला न जाणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. दोन्ही दिले नाही तर प्रवेश नाही.

बी.पी.एड.साठी साधारण अट अशी : कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्के गुणांसह आणि शालेय, जिल्हा, आंतरमहाविद्यालयीन अशा कोणत्या तरी मान्यताप्राप्त स्पर्धेत सहभाग. पदवी शारीरिक शिक्षणाची असेल किंवा पदवीला हा विषय घेतला असेल, तर ४५ टक्क्यांचा पर्याय आहे. आरक्षित प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत मिळते. अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा, कारण शेवटचा शब्द तिचाच असतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. 'स्पर्धेत सहभाग' ही अट म्हणजे प्रमाणपत्राचा कागद. शाळेत तालुका पातळीवर कबड्डी खेळलेला मुलगा ते प्रमाणपत्र पुढे पाच-सात वर्षे सांभाळत नाही. घर गळते, कागद भिजतो, उंदीर कुरतडतात. पालकांनी मुलांची खेळाची प्रमाणपत्रे गुणपत्रिकेइतकीच जपावीत. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने त्याचे सुधारित निकष ठरवले. मात्र त्यासाठी लागणारी कामगिरी वरच्या पातळीची असते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. गल्लीतल्या स्पर्धेचे किंवा मान्यता नसलेल्या संघटनेचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. पैसे घेऊन 'नॅशनल' खेळवून आणतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

जातीचा दाखला, वैधता आणि शिष्यवृत्ती

आपल्या समाजातील विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त धावपळ इथे होते. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती १९६० सालापासून दिल्या. केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. त्यामुळे राज्याच्या प्रवेशासाठी लागणारा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगवेगळे असतात. ग्वाल्हेरसारख्या केंद्रीय संस्थेत जायचे असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा.

अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे. त्याआधीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल किंवा महसुली नोंद शोधावी लागते. जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. घरात कोणाची वैधता आधी झाली असेल तर ती सोबत जोडा, काम सोपे होते. हे काम प्रवेशाच्या महिन्यात सुरू करू नका. बारावीलाच किंवा पदवीच्या पहिल्या वर्षालाच अर्ज करा.

शिष्यवृत्तीचे मुख्य मार्ग असे आहेत.

१. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

२. शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती, जिला 'फ्रीशिप' म्हणतात : उत्पन्न त्याहून जास्त असलेल्यांसाठी.

३. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे : अमरावतीत राहून शिकायचे असेल तर आधी इथे अर्ज करा.

४. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना : पात्र असूनही वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भोजन, निवास व निर्वाह खर्चासाठी थेट बँक खात्यात रक्कम मिळते. योजना सुरू झाली तेव्हा मोठ्या महानगरांसाठी वर्षाला ६० हजार, महसूल विभागीय शहरांसाठी ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३ हजार रुपये असे दर ठरले. अमरावती हे विभागीय शहर आहे. उत्पन्न, टक्केवारी आणि हजेरीच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरूनच पहिल्या सत्राची तजवीज करा. खेळाडूचा आहार हा चैनीचा भाग नाही. शेंगदाणे, फुटाणे, डाळी, अंडी आणि दूध यांवर भागते, पण त्यासाठी महिन्याला काही रक्कम बाजूला ठेवावीच लागते. अनेक मुले शुल्कामुळे नाही, तर दोन वेळच्या खाण्यामुळे शिक्षण सोडतात.

नोकरीचे वास्तव

आता कडू भाग. शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या जागा कमी आहेत आणि पदवीधर जास्त. शाळांतली भरती शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलच्या मार्गाने होते. तिची वाट पाहण्यात उमेदवारांची वर्षे जातात. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अनेक जण राबतात. काही ठिकाणी नोकरीसाठी लाखोंची मागणी होते आणि त्यासाठी शेत विकणारी, कर्ज काढणारी कुटुंबे आहेत. आमचे स्पष्ट मत आहे : जागेसाठी पैसे देऊ नका. ते बेकायदेशीर आहे आणि मान्यता नसलेल्या पदावर पैसे गेले तर परत मिळत नाहीत.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे असेल तर अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार एम.पी.एड. ५५ टक्क्यांसह, नेट किंवा सेट (किंवा नियमात बसणारी पीएच.डी.), स्पर्धांत प्रतिनिधित्व आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. अनुसूचित जातींना गुणांत ५ टक्के सवलत आहे. क्षमता चाचणीत ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर धावावे किंवा चालावे लागते. वय वाढेल तसे अंतर कमी होते. म्हणजे पुस्तक आणि मैदान दोन्ही शेवटपर्यंत सोडता येत नाही.

इतर वाटाही आहेत. जिल्हा व तालुका क्रीडा अधिकारी, क्रीडा मार्गदर्शक, खासगी शाळा, व्यायामशाळा, योगवर्ग, खेळाडूंच्या दुखापतीनंतरच्या व्यायामाचे काम, पंच म्हणून काम. यातल्या प्रत्येकात आधी थोड्या पैशांत काम करावे लागते. ज्याच्यावर घराची पूर्ण जबाबदारी आहे त्याने बी.पी.एड. सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी ठेवणे शहाणपणाचे.

पहाटे रस्त्यावर धावणारी मुले

दत्तापूर-धामणगावच्या बाहेर कोणत्याही डांबरी रस्त्याला पहाटे पाच वाजता उभे राहा. पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतील. भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात : पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे यासाठी २०, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. यात आपल्या समाजातली मुले मोठ्या संख्येने असतात आणि बहुतेकांना शिकवणारे कोणी नसते. रोज डांबरावर तेवढेच अंतर पूर्ण ताकदीने पळायचे, एवढाच सराव. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो आणि ऐन भरतीत पाय साथ देत नाही. गोळा कुठला हे ठाऊक नसल्याने दगड फेकून सराव होतो.

बी.पी.एड. झालेला एक तरुण हे सगळे बदलू शकतो. आठवड्यातले दोन दिवस संथ लांब धाव, एक दिवस १०० आणि २०० मीटरचे तुकडे, एक दिवस चढावर, एक दिवस पूर्ण विश्रांती. धावण्याआधी शरीर गरम करणे आणि नंतर ताण देणे. अंतर एकदम न वाढवता आठवड्याआठवड्याने वाढवणे. डांबर सोडून मातीवर पळणे. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून सूर्य वर येण्याआधी सराव संपवणे. ही काही गुपिते नाहीत, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातल्याच गोष्टी आहेत. विद्यापीठातले ज्ञान वस्तीत आले म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

समुदायाचा खेळ : नागपूरचा धडा

स्पर्धा जिंकण्यापलीकडेही खेळ असतो. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास पावसात मोडकी बादली फुटबॉलसारखी खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत त्याचे खेळाडू पोहोचले, २०१६ साली या कामाला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' या विषयावर आला. चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला. त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र निसटते. बारसे सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, आणि त्यांनी आपले शिक्षण कॉलेजच्या कुंपणाबाहेर नेले.

धामणगावच्या वस्तीत हे लहान प्रमाणात करता येते. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा लागते, महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८, व्हॉलीबॉलला १८ बाय ९ आणि खो-खोला २७ बाय १६. म्हणजे समाज मंदिरामागचा मोकळा तुकडाही पुरतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते, म्हणून मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान करावे लागते. फक्कीच्या रेषा मारा, वेळ ठरवा, हजेरी ठेवा. एवढ्यावर खेळ सुरू होतो.

जागा नसेल तर ग्रामसभेत मागणी करा आणि ठरावात लिहून घ्या. शाळेचे मैदान संध्याकाळी वापरायला मिळावे म्हणून मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या. क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास व क्रीडांगण विकास अनुदान योजना आहेत, त्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वर्षाला १२० तास सेवा देतात आणि सात दिवसांचे शिबिर घेतात. त्यातला काही वेळ मैदानासाठी मागता येतो.

आणि जयंतीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिलला वर्गणी होते, डीजेवर मोठी रक्कम एका रात्रीत जाते. त्यातला एक भाग बाजूला काढला तर एक कबड्डी मॅट नाही तरी दोन गोळे, चार चेंडू, एक जाळी, एक प्रथमोपचार पेटी आणि स्पर्धेचे गाडीभाडे नक्की निघते. विहारात वाचनालय असावे हे आपण मान्य केले आहे. त्याच्या शेजारी मैदान असावे हेही मान्य करू.

मुलींचे मैदान

मुलगी दहावीपर्यंत खेळते आणि नंतर दिसेनाशी होते. कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत : संध्याकाळचा अंधार, मैदानावरचे टोमणे, कपड्यांची चर्चा, मासिक पाळीत विचारायला कोणी नसणे, स्वच्छतागृह नसणे. त्यात कापूस वेचणीचा हंगाम आणि शालेय स्पर्धांचा काळ बरोबर एकमेकांवर येतो. घरात दोन हात कमी पडले की मुलीची स्पर्धा सुटते.

उपायही साधे आहेत. मुलींचा सराव सकाळी किंवा दिवसाउजेडी ठेवा. सोबत एक महिला स्वयंसेवक असू द्या. प्रशिक्षक कोण आहे, कुठे नेतो, कधी परत आणतो, हे पालकांना लेखी कळवा. एकट्या मुलीला एकट्या प्रशिक्षकासोबत बाहेरगावी पाठवू नका. लैंगिक छळाची तक्रार दडपू नका. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, तेव्हा कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. आपल्या मातीतला हा खेळ खेळायला महागडे साहित्य लागत नाही. घरातून परवानगी आणि सुरक्षित जागा लागते.

आज करायची कामे

जो विद्यार्थी या वाटेने जाऊ इच्छितो त्याने या वर्षी एवढे करावे : खेळाची सगळी प्रमाणपत्रे एका पाकिटात, जातवैधतेचा अर्ज, पदवीला किमान ५० टक्के, महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सीईटीच्या मैदानी चाचणीसाठी रोजचा सराव, आणि अमरावतीला एकदा जाऊन महाविद्यालय, वसतिगृह आणि तिथली मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे.

पालकांनी "खेळून पोट भरते काय" हा प्रश्न जरूर विचारावा, पण सोबत दुसराही विचारावा : हे शिक्षण घेऊन तू वस्तीतल्या किती मुलांना उभे करशील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधी हो, कधी नाही असे येईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणाच्या भरतीची वाट पाहावी लागत नाही.

जयभीम.